शकरपाऱ्याचं पयलं फळ

वरूड, ता. ९ फेब्रुवारी १९२९

शालूच्या बाबाले माणिकचा नमस्कार.

सहदेव काल दिल्लीहून परत आला. संत्र्याच्या पेट्या घेऊन गेलता, तं तिथल्या मंडईत तुमी भेटले म्हणे, तुमच्या त्या क्वेट्ट्याच्या वखारीचा सुका मेवा घेऊन आलेले. त्यानं अंगणात ओल्या तरटाचं गठुडं ठेवलं. मले वाटलं शालूले परकर-पोलकं धाडलं असन. सोडून पायलं तं काड्या. दोन वर्सं झाली तुमाले जाऊन, अन् पाठवलं काय, तं काड्या! बरं, त्या मी फेकल्या नाई. रागानं ठेवल्या होत्या कोपऱ्यात, पण संध्याकाळी उठून पाणी शिंपडलंच.

संगं थैलीत वाळलेले जर्दाळू होते. ते मात्र आमी बसून खाल्ले, मामाजीनंही, तुमच्या बापानं, खाल्ले. दोन तं त्याइनं मागून घेतले, पण कोणी धाडले ते इचारलं नाई. तुमचं नाव या घरात अजून त्याइच्या तोंडून निघत नाई. मजुराईसमोर ते तुमाले बोलले ते बोलले, "बाग माही हाये, संत्र्याचा बहार कोनता धराचा, मृगाचा का आंब्याचा, ते मी ठरवीन," अन् तुमी पेट्याच्या बंडीवर बसून गेले ते गेलेच. दोघाईचं चुकलं का एकाचं, ते मी आता काढत नाई.

सहदेवनं झाडाची सगळी माहिती सांगतली. म्हणे जर्दाळूच्या लय जाती हायेत, पण ही शकरपारा. फळ लहान, पण पिवळंधमक अन् साखर भरलेलं. आंबट नाई म्हणून मुरब्ब्याले लोक दुसरी जात घेतात, पण वाळवाले हिच्यासारखी नाई. घराच्या धाब्यावर पसरलं, कोरडं ऊन लागलं, का मंग वर्षभर पाहाले नको. बाकी जातीची बी कडूझार असते, हिची बदामासारखी गोड. तिकडे बिया फोडून इकतात अन् तेलही काढतात. शालूनं लगेच एक बी पाट्यावर फोडली. खरंच गोड निघाली. जातीचं नाव ऐकून हसत सुटली पोट्टी. म्हणे आई, आता आपल्या विहिरीवर शंकरपाळ्याचं झाड येईन.

तुमचा निरोपही सांगतला त्यानं. मी दोनदा सांगाले लावला. "फळ लागलं का मी आलोच समज, असं माणिकले सांगजो." असंच म्हटलं ना तुमी? सहदेव शपथेवर सांगते.

चार काड्यातून दोन जित्या वाटतात. विहिरीजवळचं ते जुनं संत्रं, डिंक्या रोगानं खाल्लेलं, ते उपटून तिथं लावते. बागेतली सगळ्यात चांगली जागा हाये ती. मामाजी पयले कुरकुरले, मंग स्वतःच कुदळ घेऊन गेले. शेणखतही त्याइनंच घातलं.

जेवण कुठं करता हे मी सहदेवले इचारलं, तं तो चपलेचा अंगठा पाहाले लागला. मी पुढं काई इचारलं नाई.

पाकिटावर तुमचं नाव शालूनं लिहिलं हाये. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेतलं नाई, तं हातानं कसं घेऊ? तिचं अक्षर बरं हाये. मास्तर तारीफ करतात.

माणिक

वरूड, ता. १७ ऑगस्ट १९३०

शालूच्या बाबाले नमस्कार.

तुमचं कारड पोचलं. चार पत्राइमागं एक कारड, तरी गोड मानून घेतलं. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. झाडाच्या बुडात पाणी साचू देऊ नको, मधली फांदी छाटजो, चौथ्या वर्साअगोदर फळाची आस धरू नको. झाडाचं सगळं हाये. शालूचं एक अक्षर नाई. तिनं पाठ करकरून चार ओळी तुमाले लिहिल्या होत्या, त्या पोचल्या का नाई तेवढं तरी लिहाचं होतं. मी तिले सांगतलं, बाबाच्या कारडावर जागा संपली. तिनं कारड उलटून पायलं. मागची बाजू अर्धी कोरी होती.

झाडं चांगली हायेत. दोनही जगली. मोठं माह्या डोक्याच्या वर गेलं, लहान शालूएवढं हाये. पानं गोल गोल, पिंपळासारखी टोकदार, देठ लाल. वारा आला का खुळखुळ वाजतात. बाजारच्या दिवशी बाया वाट वाकडी करून पाहाले येतात. मीही मिरवून घेते, काहून नाई मिरवू? म्हणते, शालूच्या बाबानं क्वेट्ट्याहून धाडलं, तिकडे आगगाडीनं जावं तरी दिवसचे दिवस लागतात. एकजणीनं इचारलं, अन् ते सोता कवा येतात वो? मी म्हटलं, झाड आलं तं माणूस येईन. सगळ्या हसल्या. मीही हसली.

बकऱ्याईच्या भीतीनं बोराटीचं कुंपण केलं हाये. मामाजी सकाळी उठून पयले तिकडेच जातात. मले दिसू नये म्हणून विहिरीत डोकावल्यासारखं करतात. म्हातारा झाडाशी बोलते बाप्पा, तुमच्याशी नाई बोलला कधी तेवढा.

चौथं वर्स म्हणजे बत्तीस साल. मी धरून चालते.

माणिक

वरूड, ता. १० एप्रिल १९३२

शालूच्या बाबाले नमस्कार.

फूल आलं नाई. सरळ लिहून टाकते.

माघात पाहाले गेली, मंग फागणात रोज गेली. डोळे इतके पुढं आणून पायलं का फांदी डोळ्यात जाईन. फुटलं तं पान फुटलं, तेही उशिरा अन् इरळ. जुनी पानंही थंडीत धड गळली नाई. ना त्याले हिवाळा कळला, ना उन्हाळा. तुमाले मागच्या साली दोनदा लिहिलं, झाडाचं काय करू म्हणून. उत्तर नाई. मंग मीही पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत लिहिणं बंद केलं. म्हटलं, ह्याइलेही जरा ताण देऊन पाहू. तुमाले काई फरक पडला का? मले पडला.

आता मामाजीनं ठरवलं हाये, झाडाले ताण द्याचा. म्हणतात, संत्र्याले जे लागते ते सगळ्याच फळझाडाले लागते, सुखात हाये म्हणून फुलत नाई. तुमी तं ताणातच वाढले, तुमाले काय सांगाव? पण लिहिते, कारण हातानं करताना लय जीव घाबरला. पाणी तोडलं. बुडाची माती उकरून मुया उघड्या केल्या. मोठ्याच्या मुया पांढऱ्या निघाल्या, लेकराच्या बोटासारख्या. त्याइले असं चैत्राच्या उन्हात उघडं टाकणं म्हणजे बाप्पा! पण संत्र्याले आपण हेच करतो. पानं पिवळी पडून गळतात, झाडाले वाटते आता आपण मरतो, अन् मृगाचं पाणी पडून मुया झाकल्या का तेच झाड जीव काढून फुलते. सारं वरूड यावर जगते. मंग एवढं दोन झाडाईनंच काय घोडं मारलं?

दुसरी गोठ. शालूची सोयरीक आली हाये. भातकुलीचे जानराव, काळ्या जमिनीचे कास्तकार, माणसं साधी. पोरगा देवीदास, नाकीडोळी नीटस, बोलते कमी. शालूले पंधरावं लागलं, लग्न पुढच्या साली वैशाखात करू म्हणतात. सगळं पसंत पडलं. जानराव उठता उठता एवढंच बोलले, "पोरीचा बाप मांडवात राहीन ना?"

मी म्हटलं, "राहीन."

मामाजीनं माह्याकडे पायलं. मले दुसरं काय म्हणता येत होतं? तुमीच निरोप धाडला होता. झाड फुललं का फळ, अन् फळ लागलं का तुमी. मी काई मनचं बोलली नाई.

माणिक

वरूड, ता. २४ जुलै १९३२

शालूच्या बाबाले नमस्कार.

पाणी चांगलं झालं. मृगातच संत्र्याच्या मुया झाकल्या अन् बाग अशी फुलली का रस्त्यानं जाणारे लोक बंडी थांबवून वास घेतात.

शकरपाराही फुलला. पांढरी फुलं हायेत, जराशी गुलाबी. सहदेवनं सांगतलं होतं तशीच. लय नाई, पण हायेत. आता दिवाळीपर्यंत फळ धरीन, माघापर्यंत पिकीन. तुमी तयारी ठेवा. वखारीच्या मालकाले आतापासून सांगून ठेवा, ऐन वेळी सुटी मिळत नसते.

मामाजीची तब्येत बरी नाई, ते तिकडे जात नाई आता. शालूलेही मी जाऊ देत नाई. फुलाले नजर लागते. बायाईलेही कुंपणाच्या बाहेरूनच परत धाडते.

जास्त काय लिहू? झाडं बरी हायेत. दोनही बरी हायेत.

माणिक

अकोला, ता. १९ फेब्रुवारी १९३३

शालूच्या बाबाले नमस्कार.

हे पत्र अकोल्याहून हाये. लग्नाची लुगडी घ्याले माहेरी भगवंतदादाकडे आली हाये. शालू संगंच हाये, पाकिटावरचं नाव तिनंच लिहिलं.

या पत्रासंगं एक पार्सल धाडलं, डाकखान्यात दादा घेऊन गेलता. आपल्या झाडाचं पयलं फळ हाये. वाळवून धाडलं. पिवळं हाये, गोड हाये, बीही गोड हाये, फोडून पाहा. जातीत काई कमी पडलं नाई. तुमी म्हटलं होतं फळ लागलं का येतो. लागलं.

लग्न वैशाखात, नवमीले. मांडव विहिरीजवळच टाकतो, तुमाले आल्याबरोबर झाड दिसीन. मामाजी काई बोलणार नाई. मी त्याइच्याकडून वचन घेतलं हाये, अन् खरं सांगू, त्याइच्यात आता बोलाचा जोरही रायला नाई. तुमी अकोल्यापर्यंत या, भगवंतदादा ठेसनावर राहीन, तिथून पुढचं तो पाहीन. चार दिवस या. मंग जायचं असन तं जा. मी पदर धरणार नाई. जानरावले शब्द दिला हाये अन् शालू रोज एक नवीन गोठ इचारते, बाबा उंच हायेत का, बाबाईले मिशा हायेत का. आठ-नऊ वर्साची होती तुमी गेले तवा, तिच्या डोळ्यापुढं आता चेहरा येत नाई.

या.

माणिक

वरूड, ता. ११ जून १९३३

उत्तमराव,

तुमचं पार्सल मिळालं. म्हणजे माहं पार्सल, तुमी परत फिरवलेलं. लग्नाच्या तीन दिवस आधी डाकवाला घेऊन आला. घरात पावणे, अंगणात हळद कुटणं चालू. त्यानं बाहेरूनच हाक मारली, क्वेट्ट्याहून आलं, अन् सगळ्या बाया माह्या तोंडाकडे पाहाले लागल्या. मी न्हाणीत जाऊन उघडलं. आत तेच जर्दाळू अन् वर तुमची चिठ्ठी. "हे फळ इथलंच आहे. तिथल्या झाडाला फळ आलं की पाठवावं."

अक्षर अजून तसंच हाये तुमचं. सुबक. पण बोली बदलली, "पाठवावं" म्हणता आता.

आता मीही सगळं लिहिते. ते जर्दाळू अकोल्याच्या किराणा बाजारातले. दुकानावर एक म्हातारा पठाण बसते. मी त्याले म्हटलं, शकरपारा दे, अन् लहान दाना दे, नव्या झाडाचा वाटला पायजे. तो हसला, अन् कशाले असं इचारलं. बोलता बोलता माह्या तोंडून निघून गेलं का आमच्याकडे ह्याचं झाड हाये, वरूडले, विहिरीवर. त्यानं तराजू खाली ठेवला. चांगला माणूस होता, हळूच सांगतलं. म्हणे माई, हे झाड थंडीत झोपते. बरफात महिना महिना झोपलं तवाच फागणात फुलते अन् ऐन उन्हाळ्यात पिकते. ज्या मुलखात बरफ नाई तिथं ते पान देईन, फूल देणार नाई, शंभर वर्सं पाणी घाला. मी म्हटलं, हे सगळ्याइले ठाऊक असते का? म्हणे तिकडे बागेत काम करणाऱ्याच्या लहान लेकरालेही ठाऊक असते.

म्हणजे तुमाले ठाऊक होतं. काड्या ओल्या तरटात बांधतानाच ठाऊक होतं.

वहिनी संगं होती, ती म्हणे चल घरी. दुसऱ्या कोण्या बाईनं थैली तिथंच ठेवली असती. मी घेतली. घरी आणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात शिवली अन् तुमाले धाडली. काहून, ते ऐका. मी जुलैत तुमाले लिहिलं होतं फुलं आली म्हणून. फूल कुठलं? मोठं झाड ताणात मेलं. मृगाचं पाणी पडलं, संत्रं फुललं, ते तसंच काळं पडून उभं रायलं. फांदी मोडली तं काटकी मोडावी तशी मोडली. लहान एका बाजूनं तेवढं जगलं. तरी मी फुलं लिहिली, संत्र्याच्या हिशोबानं मृगात लिहिली, अन् संत्र्याच्याच हिशोबानं माघात फळ धाडलं. तुमाले वाचताक्षणीच समजलं असन का बाई खोटं बोलून राहिली. मलेही अकोल्यात समजलं होतं का तुमाले समजीन. तरी धाडलं.

उत्तमराव, तुमी मले काडीत खोटं बांधून धाडलं, मी फळात बांधून धाडलं. तुमाले यायचं असतं तं माह्या खोट्यावर इश्वास ठेवाले काय लागत होतं? फळ लागलं म्हणाचं अन् गाडीत बसाचं, एवढंच तं करायचं होतं. मी तुमाले येण्यापुरतं निमित्त करून दिलं होतं. तुमी ते तपासून पायलं, अन् जातवान माल पारखावा तसं पारखून परत केलं.

लग्न झालं. जानरावनं मांडवात इकडेतिकडे पायलं, समजून गेले. म्हणाले, "येतीन कवा." पुन्हा ती गोठ काढली नाई. मोठी माणसं हायेत, पोरगी सुखात राहीन. कन्यादान मामाजीनं केलं. पाण्याची धार हातावर नीट पडत नव्हती, देवीदासनं खालून हात धरला.

रात्री मांडवात बसून मामाजी म्हणाले, "पोराले मी हाकललं, अन् झाडही मीच मारलं."

मले त्याइची दया आली. म्हटलं नाई मामाजी, ताण दिला नसता तरी ते फुललंच नसतं, हे झाड बरफाबिगर फुलत नसते, पठाणानं सांगतलं. मले वाटलं त्याइच्या मनावरचं ओझं उतरीन. मंग त्याइले पुढचं समजलं, का पोराले यायचंच नव्हतं, अन् ते रडले. आत्याबाई, तुमची आई, गेल्या तवा नाई रडले तसे रडले. मी सांगाले नव्हतं पायजे.

शालूची ओटी भरताना नारळ-खारीक झाल्यावर मी ती थैली उघडून जर्दाळू ओटीत घातले. पोट्टी एकदम बोलली, "बाबानं धाडले?"

मी म्हटलं, "हो."

यात माहं काई खोटं नाई. तुमच्याच हातचं पार्सल होतं, वर शिक्का क्वेट्ट्याचा. तिनं दोन काढून पदराच्या टोकाले बांधले, बंडीत बसेपर्यंत गाठ चाचपत होती. बाप म्हणून तिच्या वाट्याले तेवढं आलं.

मेलेलं झाड तोडून चुलीत घातलं. लग्नाच्या सयपाकाले कामी आलं, चांगलं जळते. लहान उभं हाये. ते तोडत नाई, त्यानं कोणाचं काय केलं? पानं हायेत, दुपारी मामाजीची बाज त्याच्या सावलीत टाकते. पाणी घालते. कुंपण काढून टाकलं, आता बकऱ्याईनं खाल्लं तं खाल्लं.

तिथं तुमचं कोणी असन तं असू द्या. सहदेव त्या दिवशी चपलेकडे काहून पाहे ते मले तवाच समजलं होतं. मी समजून न समजल्यासारखं केलं, चार वर्सं केलं. मले तेच येत होतं.

पाकिटावर नाव लिहाले आता शालू नाई. कोणाले सांगाव म्हणून बसून रायली, अन् मंग मीच लिहिलं. उत्तमराव नत्थुजी, सगळं लिहिलं. पयल्यांदाच. वाटलं होतं हात थांबीन, थांबला नाई. तुमचं नाव लिहाले सोपं हाये.

पत्ता बदलला तं कळवू नका.

माणिकबाई